रंगमंचावरचा तो बाक हलवू नका

प्रति,
अध्यक्ष, सर्व सभासद आणि मानकरी मंडळी,
आमच्या गावची जत्रोत्सव समिती.

सप्रेम नमस्कार.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या फलकावर तुमची सूचना लागली. ती मी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. यंदाच्या जत्रेला दशावताराच्या रंगमंचावर जुना लाकडी बाक असणार नाही. त्या जागी एका फर्निचरवाल्याने देऊ केलेलं सोनेरी सिंहासन येणार आणि त्याच्या पाठीवर दुकानाचं नाव असणार. मागे एलईडीचा पडदा लागणार. लकी ड्रॉची सोडत गेल्या वर्षीसारखीच, नाटक मध्ये थांबवून.

हे पत्र अध्यक्षांच्या घरी नेऊन देता आलं असतं. पण जत्रा अख्ख्या गावाची, तेव्हा गाऱ्हाणंही अख्ख्या गावासमोर घालते. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालताना मानकरी बोलतात आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिथे बाईमाणसाने बोलायची रीत नाही, म्हणून कागदावर घालते आहे. शिवाय आजूबाजूच्या चार गावांतही हेच सुरू झालंय, त्यांनीही वाचावं.

मी कोण, हे तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मी या गावची माहेरवाशीण. सासर खाडीपलीकडे, पण नोकरीची अकरा वर्षं याच गावच्या शाळेत गेली. समितीतले तिघे माझ्या वर्गात पाढे शिकले. माझे बाबा दशावतारी. आयुष्यभर स्त्रीपार्टी केली. दिवसा लोकांच्या माडा-पोफळीत मजुरी, आणि तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंत रोज रात्री वेगळ्या गावात कधी तारामती, कधी सत्यभामा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं दशावताऱ्याबद्दल म्हणतात. आमच्या घरात ती म्हण नव्हती, रोजची सकाळ होती. पहाटे पाचला दहिकाला, म्हणजे नाटकाचा शेवटचा विधी, आटोपून आलेल्या बाबांच्या कानामागे रंग तसाच असायचा, आणि आठ वाजता ते कोयता घेऊन निघायचे.

आता बाकाविषयी बोलते.

तो बाक फणसाचा आहे. डाव्या बाजूच्या मागच्या पायाला पाचर मारलेली आहे, कारण सभामंडपाची जमीन तिथे उतरती आहे. पुढची कड मधोमध झिजून खोलगट झालीय. तिथे किती राजांनी पाय टेकवून मिशीला पीळ दिला असेल, मोजदाद नाही. एरवी वर्षभर त्या बाकावर भजनाची पेटी ठेवतात, मुलं त्याच्यावरून उड्या मारतात. जत्रेच्या रात्री मात्र, पालखीची प्रदक्षिणा झाली, कंपनीने रंगपटात पेटाऱ्यातल्या गणपतीपुढे दिवा लावून नारळ ठेवला आणि पखवाजावर पहिली थाप पडली, की तो बाक नुसता बाक राहत नाही. एक जण बसला की दरबार, दोघं बसली की अंतःपुर. वर उभं राहिलं की कैलास, आडवं झालं की क्षीरसागर. त्याच्यावर साडी टाकली की जांबुवंताची गुहा होते.

मी पाच-सहा वर्षांची असताना एका जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी त्या बाकावर चढून बसले होते. बाबा अर्धा रंग लावलेल्या चेहऱ्याने रंगपटातून बाहेर आले आणि मला उचलून खाली ठेवलं. म्हणाले, “त्येका पाय लावू नको गो बाय, थोड्या येळान थंय शंकर बसतलो.” रागावून नाही म्हणाले. पुढे मी मुलांना मराठी शिकवताना अलंकार शिकवले, प्रतीक म्हणजे काय ते शिकवलं. माझं स्वतःचं शिक्षण त्या रात्री झालं होतं.

आणि हे आपल्या गावाला समजावून सांगायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं. आपली ग्रामदेवता सातेरी काय आहे? वारूळ. मुंग्या-वाळवीने वर आणलेली माती. त्या मातीसमोर आपल्या कितीतरी पिढ्या वाकल्या. मुखवटा नंतर आला, चांदी त्याहून नंतर आली. तिच्या आत अजून तीच माती आहे आणि ओटी आपण तिचीच भरतो. वारुळात आई बघणाऱ्या गावाला बाकात कैलास दिसत नसेल, त्याला शोरूमचं सिंहासन लागेल, असं तुम्हाला कशावरून वाटलं?

गेल्या मार्गशीर्षातल्या रात्रीचं सांगते, कारण त्या रात्री तुमच्यातले बरेच जण मंडपाबाहेर पावत्या फाडत होते. मी पहिल्या रांगेत चटईवर होते.

आख्यान होतं स्यमंतक मण्याचं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सत्राजिताला सूर्याकडून मणी मिळतो. तो मणी रोज आठ भार सोनं देतो. कृष्ण म्हणतो, एवढी संपत्ती राजा उग्रसेनाकडे असू दे. सत्राजित देत नाही. त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबुवंत मारतो, आणि चोरीचा आळ कृष्णावर येतो. म्हणून तर गणेशचतुर्थीचा चंद्र बघायचा नाही. सोन्याच्या हावेने माणसाची मती कशी फिरते ते सांगणारं याहून नेमकं आख्यान दुसरं नाही.

रंगमंचावर बाकाच्या शेजारी लकी ड्रॉची स्कूटर उभी होती. प्लास्टिक न काढलेली, हँडलला लाल रिबीन आणि झेंडूचा हार. सूर्याला हात जोडायला सत्राजित उजवीकडे वळला आणि त्याचा शेला आरशात अडकला. त्याने तो सोडवला, संवाद न तोडता. मणी मिळाला. पेटीवाल्याने सूर वाढवला, सत्राजित मणी दोन्ही हातांत धरून बाकावर चढला, आणि त्याच क्षणी कर्ण्यातून आवाज आला: अमुक सराफांतर्फे सोन्याच्या मजुरीवर खास सवलत, फक्त जत्रेनिमित्त. पखवाज थांबला. सत्राजित हात तसेच वर धरून उभा राहिला. जाहिरात संपेपर्यंत उभा राहिला.

मग प्रसेन निघायच्या आधी सोडत. दशावताराला मध्यंतर नसतं, ते तुम्ही घातलंत. पंचवीस मिनिटं. थंडी पडली होती, दव पडत होतं. सत्यभामेचं काम करणारा कलाकार नऊवारीत, उघड्या दंडांनी, रंगपटाच्या दाराशी ताटकळत होता. त्याच्या जागी मला माझे बाबा दिसत होते, हे मी लपवत नाही. तिसरं बक्षीस पैठणी, दुसरं फ्रिज, पहिलं स्कूटर. नंबर पुकारला गेला, ओरडा झाला, फोटो झाले, आणि लोक उठले. उठले ते गेलेच. पहाटे दहिकाल्याला मी माणसं मोजली: एकेचाळीस, त्यात कंपनीची माणसं धरून.

तुम्ही म्हणाल, बाई, लोकांना स्कूटर हवी असते त्यात पाप काय? काही पाप नाही. हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण असल्या पत्रांतून लोकांच्या हौसेला नावं ठेवायची खोड असते आणि ती मला आवडत नाही. जत्रेला माणूस हौसेनेच येतो. खाजं हवं, बांगड्या हव्यात, पोराला पिपाणी हवी. रात्रभर नाटक बघणाऱ्या बायका सत्यभामेच्या साडीचे काठ बघत असतात. माझी आई स्वतःच्या नवऱ्याच्या अंगावरची साडी बघून म्हणायची, अशी एक मला आणा. चाकरमानी मुंबईहून येताना ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि मुद्दाम देवळाच्या पायरीवर वाजवायचे. कलाकाराच्या हातात भर संवादात दहाची नोट ठेवणं ही तर मानाची रीत. पैसा आणि वस्तू जत्रेत कधी परक्या नव्हत्या. पण खाज्याचं दुकान देवळाच्या वाटेवर असायचं. बाकावर नसायचं.

देवाच्या चित्रावर माल विकणंही नवं नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात छापून घरोघर गेल्या, आणि मग तशीच चित्रं कापडाच्या लेबलांवर, काडेपेट्यांवर, दुकानांच्या कॅलेंडरांवर आली. आमच्या घरी किराणावाल्याचं कॅलेंडर यायचं. वर्ष संपलं की आई कात्री घेऊन बसायची. खालचा तारखांचा भाग कापायचा, त्याच्या वरची दुकानाच्या नावाची पट्टी कापायची, सरळ रेषेत, जीभ दातांत धरून. उरलेली लक्ष्मी पुठ्ठ्यावर चिकटवून देव्हाऱ्याशेजारी. नंतर तिच्यासमोर उदबत्ती. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा देशभर लोकांनी टीव्हीलाच हार घातले, आपल्या गावातही घातले. वस्तू कुणाचीही असो, तिच्यातून देव वेगळा काढून घ्यायचं कसब साध्या माणसांना होतं. माझ्या आईच्या कात्रीला होतं. तुम्ही नेमकं उलट करताय. पट्टी आणून देवाला चिकटवताय, आणि कुणाच्या हातात कात्री ठेवत नाही.

माझ्या तक्रारी बाकापाशी संपत नाहीत.

आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, कापला गेला. गणपती आला आणि गेला; रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती, काही नाही. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर आला, पण त्याला वेद चोरायला वेळ ठेवला नव्हता. त्याच्या तोंडी प्रायोजकांची नावं घातली होती. तो काळा मुखवटा, ती लाल जीभ, ज्याची मालवणी ऐकायला आम्ही मुलं झोप मारून बसायचो, तो हात जोडून प्लॉटिंगवाल्याचा फोन नंबर सांगत होता. तो कलाकार बाबांच्या वेळचा आहे. नंतर रंगपटात त्याला भेटले, तर म्हणाला, “काय करतलंव बाय, ठरावातच होता.”

कंपनीशी केलेल्या त्याच ठरावात तुम्ही ट्रिकसीनची अटही घातलीत असं कळलं. धूर, आग, हवेतून येणारा देव. काही कंपन्या ते करतात, त्यांचा तो मार्ग आहे. पण सरसकट अट घालणं म्हणजे ज्याच्याकडे फक्त वाणी आहे त्याला दारातून परत पाठवणं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मालक कथेचा सार सांगतात, कुणी काय व्हायचं ते ठरतं, आणि रात्रभर संवाद जागच्या जागी उभे राहतात. त्यासाठी पुराणं तोंडपाठ लागतात, समोरच्याचं बोलणं ऐकण्याचा कान लागतो. हे ज्याला येतं त्याच्या मागे एलईडीवर हिमालय दाखवलात, तर तो हिमालयाचं वर्णन कशासाठी करील? दोन वर्षांत त्याची गरज उरणार नाही, आणि चार वर्षांत ते कुणाला येणार नाही.

सिंहासनाचंही तेच. ते मी बघून आले, दुकानात जाऊन. लग्नाच्या स्वागत समारंभात नवरा-नवरीला बसवतात तसलं आहे, फायबरवर सोनेरी रंग, मरून मखमल. लग्नात शोभेल. पण त्याच्यावर वर उभं राहता येत नाही, आडवं होता येत नाही, त्याच्यावर साडी टाकली तर साडी टाकलेलं सिंहासनच दिसेल. ते फक्त सिंहासन होऊ शकतं. तिथे शंकर बसला तरी ते कैलास होणार नाही, आणि गुहेच्या प्रवेशाला जांबुवंत बिचारा कुठे जाणार? शिवाय पाठीवरचं नाव. विष्णू उभा राहिला की ते त्याच्या कमरेमागे दिसत राहील, पहाटेपर्यंत.

खर्चाचं मला माहीत आहे. कंपनीचं मानधन, मंडप, वीज, जनरेटर, रात्रीच्या जेवणाचा शिधा, सगळं वाढलं. वर्गणीसाठी दारोदार फिरताना तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागतं तेही मी बघते. समितीतल्या मुलांनी गेल्या वर्षी दोन रात्री झोप घेतली नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. प्रायोजक नकोत असं मी म्हणत नाही. त्यांचे फलक कमानीवर लावा, वाटेवर लावा, वाहनतळावर लावा. त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार करा. पण देवळाचा सभामंडप आणि त्यातली दहा बाय दहाची जागा ही विकायच्या यादीत नसावी.

तेव्हा समितीने पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती आणि मागणी.

रंगमंचावर जुना बाक, वादक आणि त्यांची वाद्यं याखेरीज काहीही ठेवू नये. स्कूटर नाही, सिंहासन नाही, एलईडी नाही. बाकाची पाचर सैल झाली आहे, ती तेवढी मेस्त्रींकडून नीट करून घ्यावी.

पालखी देवळात परतल्यापासून दहिकाला होईपर्यंत कर्ण्यावरून एकही जाहिरात होऊ नये. हरवलेल्या मुलाची सूचना सोडून.

सोडत ठेवायचीच असेल तर संध्याकाळी, पालखीच्या आधी, बाजाराच्या बाजूला ठेवावी. लोक स्कूटरसाठी लवकर येतील आणि मग नाटकालाही बसतील. यात तुमच्या पावत्यांचं काही नुकसान नाही, उलट दुकानदारांचा फायदाच आहे.

आडदशावतार पूर्ण व्हावा. संकासुराने काय बोलायचं ते संकासुराला ठरवू द्यावं.

कंपनीशी होणारा ठराव आणि जत्रेचा हिशेब, दोन्ही ग्रामस्थांच्या बैठकीत वाचून दाखवावेत. आजवर हिशेब वाचला जायचा. ठराव कधी वाचला गेला नाही, आणि अटी सगळ्या तिथेच असतात.

सिंहासनवाल्यांचा प्रस्ताव नाकारल्यामुळे जी तूट येईल ती सांगावी. आकडा फलकावर लावा. माझ्या पेन्शनमधून मी माझा वाटा त्याच दिवशी आणून देईन, आणि या गावच्या लेकी जिथे जिथे दिल्या आहेत तिथे मी स्वतः फिरेन. माहेरवाशिणी दर वर्षी ओटी घेऊन येतात. त्यांच्याकडे आजवर कुणी वर्गणी मागितलेली नाही, कारण त्यांना गावात धरतच नाहीत. यंदा मागून बघा.

एक सांगायचं राहिलं. स्यमंतकाचा तो मणी, जो आमच्या लहानपणी बाबांची कंपनी वापरायची, तो माझ्याकडे आहे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत सापडला. गोटीसोड्याच्या फुटलेल्या बाटलीतली गोटी, तिच्या मागच्या बाजूला चॉकलेटचा सोनेरी कागद, आणि तो जागेवर राहावा म्हणून काळ्या दोऱ्याचे चार फेरे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो असा चमकायचा, की आम्हा मुलांना सत्राजिताचा हेवा वाटायचा आणि त्याची भीतीही वाटायची. मी घरी आल्यावर बाबांकडे तो हातात मागायचे. ते द्यायचे. मी बघायचे तर गोटी. पुढच्या जत्रेत परत मणी. त्या आख्यानात जांबुवंत आठ भार सोनं देणारा मणी आपल्या पोराला खेळायला देतो, आणि शेवटी सत्राजित कृष्णाला मणी देऊ करतो तेव्हा कृष्ण तो घेत नाही, परत करतो. गेल्या वर्षी हा प्रवेश झाला तेव्हा मंडपात जे बसून होते, त्यांच्यात सहावीतला एक मुलगा होता. तो रडत होता. स्कूटर त्याच्या शेजाऱ्यांना लागली होती, त्यामुळे त्याच्या घरचे कधीच घरी गेले होते. तो एकटा थांबला होता.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी तुमची बैठक आहे. मी येणार आहे. मणी बरोबर आणते. कंपनीचे मालक यंदा तेच आख्यान लावणार असतील, तर त्यांच्या हातात देईन.

कळावे,
तुमच्या गावची एक माहेरवाशीण